यंत्राबरोबर येणारी सेवा : सोय आणि जोखीम

सोयाबीन हे वाशीम जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक. पेरणी व काढणीचे दिवस मोजके असल्याने ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांवाचून येथील शेतकऱ्याचे चालत नाही. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या जिल्ह्याचा समावेश होता व शेतकरी गटांना अवजारे बँकेसाठी त्यातून अर्थसाहाय्य देण्यात आले.

पूर्वी यंत्र विकले की कारखानदाराचा संबंध बव्हंशी संपत असे. आता यंत्रातील उपकरण इंजिनाचे तास, इंधन, ठिकाण व बिघाड यांची माहिती मोबाईलच्या जाळ्यातून परस्पर कळविते. महिंद्रा कंपनीने २०१६ मध्ये ‘डिजिसेन्स’ या नावाने अशी सेवा सुरू केली. ट्रॅक्टर कोणत्या शिवारात किती तास चालला, हे अवजारे बँकेच्या चालकाला घरबसल्या कळते आणि भाड्याचा वाद मिटतो. हा लाभ खरा आहे.

जोखीम मात्र प्रथम कारखानदाराच्याच अंगावर येते. नीट राखलेला ट्रॅक्टर वीस वर्षे चालतो. त्यातील उपकरणाला लागणारे जाळे तितके टिकेलच असे नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रमुख दूरध्वनी कंपन्यांनी ३जी सेवा बंद केली, तेव्हा त्यावर विसंबलेली उपकरणे मुकी झाली. शिवाय सेवा विनामूल्य दिली तर खर्च दरवर्षी चालूच राहतो, आणि वर्गणी लावली तर ती किती शेतकरी भरतील, हा प्रश्न उरतो. पेरणीयंत्रे बनविणाऱ्या लहान कारखान्याला संगणक-तज्ज्ञ पदरी ठेवणेच परवडत नाही.

याहून नाजूक प्रश्न ताब्याचा आहे. युक्रेनमधील मेलितोपोल येथून २०२२ मध्ये पळविण्यात आलेली जॉन डीअर बनावटीची यंत्रे दुरूनच कुलूपबंद करण्यात आल्याचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले. चोरांची फजिती झाली, हे बरेच झाले. परंतु जे कुलूप चोराला अडविते, ते हप्ता थकलेल्या शेतकऱ्यालाही ऐन हंगामात अडवू शकते. आणि त्याची किल्ली तिऱ्हाइताच्या हाती लागली तर एकाच वेळी असंख्य यंत्रे ठप्प होऊ शकतील.

दुरुस्तीचेही तसेच. बिघाड शोधणारी संगणकप्रणाली अधिकृत विक्रेत्यापुरतीच राखून ठेवली जाते, अशी तक्रार करून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डीअरविरुद्ध दावा दाखल केला. त्यापूर्वी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली व तिच्या कार्यकक्षेत शेतीची अवजारे घेतली. रिसोड किंवा मानोरा येथील मिस्त्रीला यंत्र उघडता येते, पण त्यातील संकेत वाचता येत नसतील, तर काढणीचे चार दिवस हातचे जातात.

म्हणून अवजारे बँकेने यंत्र घेताना किमतीइतकीच चौकशी सेवेचीही करावी. वर्गणी किती वर्षांनी लागेल, ती न भरल्यास यंत्र चालेल काय, माहिती कोणाला दिली जाईल आणि स्थानिक मिस्त्रीला दुरुस्तीची मुभा राहील काय, याची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घेऊन खरेदीच्या कागदपत्रांसोबत गटाच्या दप्तरी ठेवावीत.