बिदरीचा काळा रंग

आळंदहून बिदरला गेलेल्या पाहुण्यासमोर बिदरी सुरई ठेवली की नजर आधी चांदीच्या वेलबुट्टीवर जाते. खरी गंमत मात्र तिच्या काळ्या रंगात आहे.

हा रंग वरून लावलेला नसतो. भांडे जस्ताचे, त्यात थोडे तांबे. मोरचूद चोळून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात आणि भांडे घासून लख्ख करतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्ताची मिश्रधातू कायमची काळी पडते, चांदीला मात्र काही होत नाही.

मातीत पुरेसा क्षार आहे का, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतो. याला रसायन म्हणावे की कला, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

बिदरीचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.