जिंकलो खरे, पण चॅपमनला का आणलं?

2 नोव्हेंबर 2016 च्या रात्री क्लीव्हलंडच्या मैदानावर शिकागो कब्स संघाने बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा सातवा, निर्णायक सामना दहा डावांपर्यंत लांबवून 8-7 असा जिंकला. 1908 नंतरचं हे त्यांचं पहिलं विजेतेपद. 108 वर्षं हरत आलेल्या संघावर जीव लावणाऱ्या घरांत आजोबा-पणजोबा हा दिवस न पाहताच गेले होते. दोन दिवसांनी शिकागोत निघालेल्या मिरवणुकीला सुमारे 50 लाख लोक आल्याचा अंदाज शहराने सांगितला. तरीही याच लोकांमध्ये एक वाद पेटला आणि तो अजून पुरता विझलेला नाही: मॅनेजर जो मॅडन यांनी अरोल्डिस चॅपमन या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, त्या आठवड्यात इतकं का राबवलं? इतक्या मोठ्या सुखात ही कुरकुर बाहेरच्या माणसाला कृतघ्नपणाची वाटेल. माझं मत उलट आहे. ही तक्रार रास्त होती, आणि संघ जिंकल्यामुळे तिचं वजन तसूभरही कमी होत नाही.

वाद नीट कळायचा तर बुलपेन म्हणजे काय ते आधी पाहायला हवं. मैदानाच्या कडेला राखीव पिचर हात मोकळे करत थांबतात, ती जागा म्हणजे बुलपेन. त्यावरून त्या सगळ्या राखीव पिचरांच्या ताफ्यालाही तेच नाव पडलं. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला बाजूला करतो आणि पाच षटकांनी पुन्हा चेंडू त्याच्या हाती देतो. बेसबॉलमध्ये सामन्याबाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून पिचर बदलण्याचा प्रत्येक निर्णय अखेरचा असतो. दुसरं, राखीव पिचर पंधरा-वीस चेंडूंत अंगातली सगळी ताकद ओततो. शेवटचे तीन बळी घेऊन सामना मिटवणारा तो क्लोजर, आणि चॅपमन हा त्या काळातला सर्वांत वेगवान क्लोजर. 2010 मध्ये त्याने ताशी सुमारे 169 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला होता. असा हात काल किती वापरला, यावर तो आज किती चालेल हे ठरतं.

आता ते चार दिवस पाहू. 30 ऑक्टोबरला, पाचव्या सामन्याच्या वेळी, कब्स मालिकेत 1-3 असे मागे होते. हरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मॅडन यांनी चॅपमनला सातव्या डावातच आणलं. त्याने 42 चेंडू टाकून आठ बळी घेतले आणि सामना 3-2 असा वाचला. क्लोजरकडून सहसा तीनच बळींची अपेक्षा असते हे लक्षात घेतलं, तर ही कामगिरी किती दमवणारी होती ते कळतं. त्या निर्णयाला कुणी शहाण्याने बोल लावला नाही, कारण उद्यासाठी राखून ठेवायला उद्याच नव्हता. एक दिवस विश्रांतीचा गेला आणि 1 नोव्हेंबरला सहावा सामना झाला. सातव्या डावात कब्सकडे 7-2 अशी पाच धावांची आघाडी असताना चॅपमन पुन्हा मैदानात आला. नवव्या डावात आघाडी 9-2 झाली, तरी त्याला पुन्हा चेंडू टाकायला पाठवलं. आणखी वीस चेंडू खर्ची पडले. दुसऱ्या रात्री, सातव्या सामन्याच्या आठव्या डावात, 6-3 अशी आघाडी आणि दोन बळी गेलेले असताना पिचर जॉन लेस्टरला काढून तिसऱ्यांदा चॅपमनला बोलावलं. क्लीव्हलंडच्या ब्रँडन गायरने लगेच जोरदार फटका मारून एक धाव आणली. पाठोपाठ राजाई डेव्हिसने हात वर सरकवून बॅट पकडली आणि चेंडू थेट डाव्या कुंपणापार केला. 6-6. चॅपमनच्या चेंडूंना त्या रात्री नेहमीचा वेग नव्हता. चार दिवसांत त्याने 97 चेंडू टाकले होते.

घटना घडून गेल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, हा चाहत्यांवरचा सर्वांत सोपा आक्षेप. पण इथे तो लागू पडत नाही. मॅडन यांना पहिले प्रश्न विचारले गेले ते सहाव्या सामन्याच्या रात्रीच, 9-3 असा मोठा विजय मिळाल्यानंतर, डेव्हिसचा तो फटका अजून भविष्यात असताना. उद्या हा हात लागणार आहे, तो आज का झिजवता, एवढंच लोक विचारत होते. विजयाच्या रात्री उद्याचा हिशेब मांडणारा चाहता निकालाकडे पाहून बोलत नसतो; निकालाने झाकलेलं काय आहे तेच तो पाहत असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलका मानत नाही. कुणाचा खांदा दुखतो, कुणाचा आत्मविश्वास ढळला आहे, हे मॅनेजरला ठाऊक असतं. प्रेक्षकाला ते दिसत नाही. पेद्रो स्ट्रॉप आणि हेक्टर रोंडोन हे कब्सचे दोन भरवशाचे राखीव पिचर ऑगस्टमध्ये दुखापतग्रस्त झाले होते, आणि त्यांच्यावरचा मॅडन यांचा विश्वास उडालेला दिसत होता. सहाव्या सामन्यात बेसवर दोन धावपटू होते, समोर चांगले बॅटर होते. तिथेच सामना फिरेल अशी भीती वाटणं समजण्यासारखं आहे. सातव्या डावापुरता हा बचाव मी अर्धाअधिक मान्य करीन. पण सात धावांची आघाडी असताना नवव्या डावाचं काय? दुखऱ्या हाताचा पिचरही तेवढी आघाडी सांभाळू शकला असता, आणि त्यासाठी कुठल्याही गुप्त माहितीची गरज नव्हती.

तिसरं म्हणणं असं की मॅनेजरने काहीही केलं तरी लोक शिव्याच देतात. ऑक्टोबर 2003 मध्ये बॉस्टनच्या ग्रेडी लिटल यांनी यँकीजविरुद्ध 5-2 अशी आघाडी असताना दमलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या डावात काढलं नाही, बरोबरी झाली, सामना गेला आणि पुढे त्यांचं पदही गेलं. 2020 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये टँपा बेच्या केव्हिन कॅश यांनी ब्लेक स्नेलला केवळ 73 चेंडूंनंतर, 1-0 अशी आघाडी असताना काढलं. निक अँडरसन आला, डॉजर्सनी सामना 3-1 असा फिरवला आणि विजेतेपद नेलं. एकाला ठेवलं म्हणून दोष, दुसऱ्याला काढलं म्हणून दोष. वरवर ही विसंगती दिसते. पण दोन्हीकडे चाहते बोट ठेवत होते एकाच गोष्टीवर: समोरचा हात आज कसा आहे? मार्टिनेझचा शंभर चेंडूंनंतर कस उतरतो हे सर्वश्रुत होतं. स्नेल त्या रात्री नऊ बॅटरना एकहाती बाद करून बसला होता, तर अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा गेला की अधिक यशस्वी होतो, हे कॅश यांचं गणित आकडेवारीने सिद्ध आहे. मात्र ते सरासरी पिचरचं आहे, त्या रात्रीच्या स्नेलचं नव्हे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 2007 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं. मिस्बाहचा फटका श्रीशांतच्या डोक्यावरून गेला असता, तर त्याच निर्णयाला आपण काय म्हटलं असतं? झेल पकडला गेला आणि निर्णय शहाणपणाचा ठरला. निर्णय घेताना धोनीपुढे काय होतं, याची चर्चाच फारशी झाली नाही. कब्सच्या चाहत्यांनी ती चर्चा केली, हा मला त्यांचा मोठेपणा वाटतो.

बरोबरी झाल्यावर चॅपमनने नववा डाव एकही धाव न देता काढला, हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. मग पाऊस आला, खेळ 17 मिनिटं थांबला, आणि दहाव्या डावात बेन झोब्रिस्टने आघाडी मिळवून दिली. शेवटचा बळी माइक माँटगोमेरीने घेतला. मेजर लीगमध्ये सामना सांभाळून संपवल्याची नोंद त्याच्या नावावर लागण्याची ती पहिलीच वेळ. अधिकृत धावपत्रकात विजयी पिचर म्हणून मात्र चॅपमनचंच नाव आहे, कारण आघाडी मिळाली तेव्हा नियमाने तोच पिचर होता. पुढच्याच महिन्यात यँकीज या आपल्या जुन्या संघाकडे परतताना त्याने स्वतःच सांगितलं की मॅडन यांनी आपल्याला ज्या रीतीने वापरलं ते पटलं नव्हतं, आणि सहाव्या सामन्यात तर आपली गरजच नव्हती.