माळ्यावर दडलेला हक्क

शाबान लागला की आम्ही दरवर्षी रमजानपूर्वी घर आवरायला काढतो. यंदा माळ्यावरून चार कात्र्या, दोन टॉर्च आणि वेष्टनही न काढलेल्या तीन चादरी निघाल्या. वस्तू वेळेवर सापडली नाही की आपण नवी आणतो. हाही इस्राफच.

जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात मरहूम अब्बांचे पासबुक मिळाले. त्या खात्याला दहा वर्षांहून अधिक काळ कोणी हात लावला नव्हता. अशी रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. पण ती बुडत नाही. वारसांना त्याच बँकेकडे अर्ज करून ती मागता येते. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवी शोधताही येतात.

अर्ज भरताना वारसांची नावे लिहिली आणि आम्ही शरमलो. त्यात आमच्या दोन बहिणींचाही वाटा होता. आमच्या पसाऱ्याखाली त्यांचा हक्क इतकी वर्षे दडून राहिला.

तेव्हा एक फाइल करू या: पासबुके, विम्याची कागदपत्रे, दागिन्यांच्या पावत्या, देणे-घेणे. ती कुठे ठेवली, हे घरच्यांना सांगून ठेवू. जास्तीच्या चांगल्या चादरी रमजानआधीच गरजूंच्या घरी पोहोचवू.