मांजराला पंप? हो, मांजरालाच!

गेल्या भागात मध्येच 'फुस्स' असा आवाज कसला आला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तो आमच्या चकलीचा पंप. चकली म्हणजे माझी सहा वर्षांची मांजर. तिला दमा आहे.

सुरुवातीला मला काही कळलंच नाही. ती अंग चोरून बसायची, मान जमिनीलगत पुढे ताणायची आणि खॅक खॅक करायची. मला वाटलं, केसांचा गोळा अडकलाय. पण बाहेर काहीच पडायचं नाही. शेवटी व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. तुम्हीही हेच करा, कारण दवाखान्यात नेलं की मांजर खोकतच नाही. डेमोच्या वेळी बग गायब होतो ना, तसंच. मग छातीचा एक्स-रे झाला, हृदयाचा किंवा फुप्फुसातल्या जंतांचा त्रास नाही ना हे बघितलं, आणि निदान झालं.

दम्यात होतं काय, तर धूळ, उदबत्ती किंवा सिगरेटचा धूर अशा गोष्टींवर शरीर उगाचच चवताळतं. श्वासनलिका आतून सुजतात, चिकट कफ साठतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणजे सूज वेगळी, आवळणं वेगळं. औषधंही म्हणूनच दोन.

सालब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड सूज उतरवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर डॉक्टर सहसा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. मग गोळ्याच चालू का नाही ठेवायच्या? तर त्या अख्ख्या शरीरात फिरतात. खूप काळ दिल्या की वजन वाढतं, मधुमेहाचा धोका वाढतो. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, बाकी शरीरात फार कमी. ('स्टेरॉइड' ऐकून आई जाम घाबरली होती. जिमवाले घेतात ते वेगळं, हे समजावण्यात एक रविवार गेला.)

आता मांजराला 'खोल श्वास घे, धरून ठेव' असं कसं सांगणार? म्हणून स्पेसर. ही एक प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला छोटा मास्क. पंप हलवायचा, मास्क तोंडा-नाकावर नीट बसवायचा, एकदा दाबायचं आणि तिचे सात ते दहा श्वास मोजायचे. औषध नळीत थांबतं, ती आपल्या गतीने ओढते. पहिला आठवडा आम्ही पंप लावलाच नाही. नुसता रिकामा मास्क दाखवायचा आणि खाऊ द्यायचा.

आणि इथे मी माती खाल्ली. तीन आठवड्यांत खोकला थांबला, तसं मी स्टेरॉइड बंद केलं. म्हटलं, बरी झाली. लागलंच तर सालब्युटामॉल आहेच, ते लगेच काम करतं. दोन आठवड्यांनी रात्री अडीचला चकली तोंड उघडून धापा टाकत होती. रिक्षात मी तिच्याशी काय काय बोलत होतो, मलाच आठवत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं: खोकला थांबला तरी आतली सूज असू शकते. मी अलार्म बंद झाला म्हणून सर्व्हर ठीक आहे असं धरलं होतं. शिवाय सालब्युटामॉल सूज उतरवत नाही. एकटंच रोज देत राहिलं तर मांजरात सूज वाढूही शकते. ते अडीअडचणीसाठी. रोजचं काम फ्लुटिकासोनचं, आणि ते कमी करायचं तर डॉक्टरांनीच.

आता मी चकली गाढ झोपली की तिचे श्वास मोजतो. पोट वर-खाली झालं की एक. मिनिटाला तीसच्या आत असले की निवांत. आकडा रोज चढायला लागला तर फोन करायचा. तोंड उघडून श्वास घेतला किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ निघायचं. आणि घरातल्या कुणाचा पंप आपल्या मनाने मांजराला लावू नका प्लीज.

चला, आठ वाजले. ती खाऊच्या डब्यापाशी येऊन बसली पण.