बाबा बाकावरच बसायचे

मागच्या व्हिडिओत दुकानाची मांडणी दाखवताना काउंटरजवळच्या लाकडी बाकाकडे मी नुसतं बोट दाखवलं आणि पुढे गेलो. आज त्या बाकाबद्दल बोलू. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर गोराईला यावं लागेल.

एस्सेल वर्ल्ड सुरू झालं १९८९ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे मे महिन्यातली तिथली फेरी म्हणजे सणच. डोंबिवलीहून दादर, गाडी बदलून बोरिवली, मग रिक्षाने जेट्टी आणि तिथून लाँच. पहिली राइड कुठली यावरून ताई आणि मी लाँचमध्येच भांडायचो. बाबांच्या किराणा दुकानाचं शटर वर्षात तेवढा एकच दिवस खाली असायचं.

आता जरा धंद्याच्या नजरेने बघा. जत्रेतल्या पाळण्याला प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे, त्यामुळे दर वेळी आईच्या तोंडाकडे बघायला लागायचं. इथे गेटवर एकदा तिकीट काढलं की झिपर डिपरमध्ये चौथ्यांदा बसायलाही कोणी नाही म्हणायचं नाही. मग कुटुंब दिवसभर आत राहायचं, आणि दिवसभर राहिलं की भूक-तहान लागतेच. तुमच्या मालाचं पॅकेज बांधताना हे लक्षात असू द्या.

पण ज्याच्या खिशातून पैसे गेले, तो माणूस कुठे होता? बाकावर. पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. तिकीट पूर्ण, राइड शून्य! मला वाटायचं बाबा घाबरतात. मित्रांना तसं सांगून हसलोही आहे. बीबीए करताना दुकानात बसायला लागलो, रात्री अकरापर्यंत उभं राहून पाय भरून आले, तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाले, "अरे, वर्षात तेवढंच बसायला मिळायचं. आणि तुम्ही समोर दिसत होतात."

पुढे मी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. रंगीत भिंती, फुगे, सगळं मुलांसाठी. वडील मात्र बाहेर बाइकला टेकून उभे. दहा मिनिटं झाली की आत डोकावून "झालं का?" आणि आई हातातला दुसरा फ्रॉक ठेवून द्यायची. ऑफर लावून बघितल्या, फरक पडला नाही. शेवटी एक रॅक काढला, बाक टाकला, वर पंखा लावला, शेजारी पाण्याचा माठ ठेवला. रॅक काढताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू? भाडं त्याही जागेचं भरतोच ना! पण आत बसलेले वडील थोड्या वेळाने स्वतःच म्हणायला लागले, "तो निळा दाखवा बरं."

बाबांनी त्यांचं दुकान आता बंद केलंय. संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्याच बाकावर बसतात. गिऱ्हाईक दारात दिसलं की लगेच उठून उभे राहतात. कितीदा सांगितलं, बसा हो बाबा. ऐकत नाहीत.