खुबा नवा बसवला, तरी बाजूला का दुखतं?

आमच्या फणसवाडीतल्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला की गप्पा दुखण्याखुपण्यावर येतात. खुब्याचा सांधा बदललेल्या बायकांकडून एक तक्रार आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. ऑपरेशनला दीड-दोन महिने झाले, जुनं दुखणं गेलं. पण आता बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपलं की हाड टेकतं तिथे, ठणकतं. घरचे म्हणतात, "ऑपरेशन फसलं वाटतं." आणि बाई चालणंच सोडते. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

आधी दुखतं कुठे ते बघा. खुब्याचा सांधा खोल असतो. त्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. कमरेखाली बाजूला जे टणक हाड हाताला लागतं, ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. कुल्ल्याचे दोन स्नायू तिथे येऊन चिकटतात. तिथेच घर्षण कमी करणारी पाण्याची चपटी पिशवी असते. बाजूचं दुखणं बरेचदा या स्नायूंचं किंवा त्या पिशवीचं असतं. कधी ते पाठीच्या मणक्यातून किंवा दोन्ही पायांच्या लांबीतल्या फरकामुळेही येतं, म्हणून डॉक्टरांना एकदा दाखवायचंच.

या स्नायूंचं काम काय? चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून ते ओढून धरतात. त्यामुळे 60 किलोची बाई एका पायावर उभी राहिली, तर खुब्यावर साधारण 150 किलोचा भार येतो. सांधा दुखत होता त्या वर्षांत हे स्नायू वापराविना अशक्त झालेले असतात. शिवाय ऑपरेशनच्या काही पद्धतींत ते सोडवून पुन्हा शिवावे लागतात. म्हणजे सांधा नवा, पण त्याला धरणारे स्नायू अजून सावरायचे आहेत. कंबर झोकून लंगडत चालणं ही त्याचीच खूण. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यवैद्यानं 1895 साली ती सांगितली. आजही डॉक्टर एका पायावर उभं करून तीच तपासतात.

म्हणून पहिली गोष्ट काठीची. ऑपरेशन उजव्या बाजूचं असेल, तर काठी डाव्या हातात. पुष्कळ जणी दुखऱ्या बाजूलाच धरतात. विरुद्ध हातातली काठी कंबर कलू देत नाही, स्नायूवरचा ताण उतरतो. दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढे टाका. लोक काय म्हणतील म्हणून काठी लवकर टाकू नका. लंगडणं थांबलं आणि फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, की मगच सोडा.

आपल्या चाळींचे लाकडी जिने उंच आणि अरुंद. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. एक हात कठड्यावर हवाच. दिवसातून किती वेळा खाली जायचं ते ठरवून घ्या. बाजार, दूध, देऊळ एकाच फेरीत उरका, आणि पिशवी दुसऱ्या कुणाच्या हातात द्या.

झोपताना दुखऱ्या कुशीवर झोपू नका. दुसऱ्या कुशीवर झोपायची परवानगी असेल, तर दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा, म्हणजे वरचा पाय आत झुकून बाजूची जागा ताणली जाणार नाही. ओट्यापाशी एका पायावर रेलून उभं राहू नका. भाजी खुर्चीत बसून चिरा. पायावर पाय टाकणं, खाली मांडी घालणं, उकिडवं बसणं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. शौचालय गॅलरीच्या टोकाला आणि देशी असेल, तर घरात कमोडची खुर्ची आणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

व्यायाम साधा आहे. पलंगावर उताणं झोपून, बोटं छताकडे ठेवून, पाय गादीवरूनच बाजूला सरकवा आणि परत मध्यापर्यंतच आणा. 10 वेळा, दिवसातून दोनदा. पुढे टेबल धरून उभ्यानं पाय थोडा बाजूला उचलता येतो. मात्र स्नायू शिवलेले असतील तर काही आठवडे हे थांबवतात, म्हणून सुरू करण्याआधी विचारा.

किती करायचं? दुखण्याला 10 पैकी गुण द्या. व्यायामात 3 पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर माप बरोबर. सकाळी जास्त ठणकलं, तर निम्मं करा. पण पूर्ण बंद करू नका. अंथरुणात पडून स्नायू आणखी खचतो.

टॉवेलात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं चालेल, पण व्रणाजवळ बधिर असेल तिथे नको. जोराची मालिश नको. औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं दुखण्याची गोळी घेऊ नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका असतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरीला सूज, पडणं, किंवा जांघेत अचानक कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर क्षणभरही वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

बाजूचं हे दुखणं उतरायला आठवडे नाही, महिने लागतात. तेवढे दिवस घरातलं काम वाटून घ्यायचं, हे सासू-सुनांनी, आणि हो, घरातल्या पुरुषांनीही आजच बसून ठरवावं.