चालू गट बदलताना नेमकं काय होतं?

मागच्या व्याख्यानात परवानग्या पाहिल्या, आज गट. समजा, तुमचा मुख्य गट 'शिक्षक' आहे आणि 'परीक्षा' गटातही तुमचं नाव आहे. निकालाची फाइल तयार केलीत. लिनक्समध्ये ती साधारणपणे 'शिक्षक' गटाच्या नावावर पडते. यूमास्क 027 असेल, तर सगळे शिक्षक निकाल वाचतील आणि परीक्षा समितीला मात्र नकार मिळेल! म्हणजे दोन गटांत असून उपयोग काय? दुसऱ्याच्या फाइली उघडताना तुमचे सगळे गट धरले जातात, पण नवी फाइल बनवताना एकच.

तो एक गट बदलायला 'न्यूजीआरपी परीक्षा' अशी आज्ञा द्यायची. ही आज्ञा जुनी, 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनची.

आता इथे लक्ष द्या. आपला शेल तोच राहिला, गट फक्त बदलला, असं वाटतं. तसं नसतं. बॅशमध्ये जुन्या शेलच्या वर दुसरा शेल उघडतो आणि नवा गट त्याचा. एक्स्पोर्ट न केलेली चलं तिथे दिसत नाहीत. 'एक्झिट' म्हटलं की तुम्ही परत जुन्या गटात. प्रॉम्प्टवरून यातलं काही कळत नाही, म्हणून 'आयडी -जीएन' करून बघायचं, जी छोटा.

स्क्रिप्टमध्ये तर गंमतच होते. न्यूजीआरपीची ओळ आली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, कारण नवा शेल तुमची वाट बघत बसतो. एकाच आज्ञेपुरता गट हवा असेल, तर 'एसजी परीक्षा -सी' आणि पुढे ती आज्ञा अवतरणात. स्क्रिप्टला हेच बरं.

डॉकरवाले मंडळी न्यूजीआरपी वेगळ्या कारणाने वापरतात. गटांची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, त्यामुळे 'युजरमॉड'ने गटात घातलं तरी चालू शेलला पत्ता नसतो. न्यूजीआरपीने काम भागतं, पण त्याच खिडकीत. आणि तिथे केलेल्या फाइली डॉकर गटाच्या होतात, हे कोणी सांगत नाही.

रोजचंच सामायिक काम असेल, तर मी डिरेक्टरीचा गट 'परीक्षा' करून तिला 'सीएचमॉड जी+एस' करायला सांगेन. मग आत बनणारी फाइल आपोआप त्या गटाची. बाहेरून 'एमव्ही'ने आणलेली मात्र जुना गट घेऊनच येते, तिला 'सीएचजीआरपी' करावंच लागतं.